स्नॅपशॉटनंतरचं पुस्तक

सर्व्हर खरंच काढून टाकायचा का, असं स्क्रीनने दोनदा विचारलं. सर्व्हरकाकांनी दोन्ही वेळा होय म्हटलं आणि चहाचा कप तोंडाला लावला. तेवढ्यात अंध मुलांच्या शाळेतून मुख्याध्यापिकांचा फोन आला.

"काका, पुस्तकं उघडतायत, पण बाई बोलत नाहीत हो."

"पुन्हा लावून बघा."

"तीनदा लावलं. दहावीची मुलं नुसती कान लावून बसलीयत."

शाळेची बोलकी पुस्तकं, एका बाईंनी मुलांसाठी वाचून रेकॉर्ड केलेली, इंटरनेटवर भाड्याच्या सर्व्हरवर सांभाळायची, हे काकांचं काम. सर्व्हर म्हणजे काय, हे त्यांच्या बायकोलाही नीट सांगता यायचं नाही. 'दुसऱ्याच्या घरात कपाट भाड्याने घेतलंय, त्याची किल्ली ह्यांच्याकडे असते,' एवढं ती पाहुण्यांना सांगे. ते काही चूक नव्हतं.

आज काकांनी ते कपाट बदललं होतं. जुना सर्व्हर सोडण्यापूर्वी नव्या पानावरून एक धडा लावून पाहिला होता, तो छान वाजला. वाजणारच. नव्या कपाटात नुसती पानं आली होती, आवाज आलेच नव्हते; पानांवर त्यांचे पत्ते जुनेच राहिले होते, बाई बोलत होत्या त्या जुन्या घरातून. आणि ते घर काकांनी आत्ताच स्वतःच्या हाताने पाडलं होतं.

तरी घाबरायचं काय कारण? रोज बॅकअप होत होता, त्यासाठी सर्व्हरच्या कंपनीला जादा भाडं जात होतं. काकांनी बॅकअपचं पान उघडलं. तिथे काहीच नव्हतं. त्यांनी पान बंद करून पुन्हा उघडलं, जणू तेवढ्यात कुणी काही आणून ठेवणार होतं.

काकांनी विचारल्यावर कंपनीच्या मदतनिसाने लगेच उत्तर लिहिलं, "सर, ऑटोमॅटिक बॅकअप सर्व्हरलाच जोडलेले असतात. सर्व्हर काढला की तेही जातात. तुम्ही स्वतः घेतलेले स्नॅपशॉट मात्र वेगळे राहतात."

हे काकांनी कधीतरी वाचलं होतं. वाचून मान डोलावली होती आणि विसरले होते.

स्नॅपशॉट एकच निघाला, दोन वर्षांपूर्वीचा. सर्व्हर त्या क्षणी जसा होता तसाच्या तसा टिपून ठेवलेला. रोजचे बॅकअप सुरू झाल्यावर काकांनी स्नॅपशॉट घेणं सोडलं होतं. घरात रोज ताजं शिजतंय म्हटल्यावर डबा कोण भरून ठेवतो? त्या एका स्नॅपशॉटवरून सर्व्हर पुन्हा उभा राहिला. सगळी जुनी पुस्तकं परत आली. एक आलं नाही. दहावीचा इतिहास.

तो बाईंनी गेल्या वर्षी वाचला होता. घशाचं ऑपरेशन ठरलं होतं, आवाज राहणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बाईंनी ऑपरेशन पुढे ढकलून पुस्तक संपवलं, मग त्या दवाखान्यात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका त्यांच्या दारात उभे राहिले. बसा म्हणून बाईंनी खुर्ची दाखवली. गळ्याला रुमाल, मांडीवर पाटी.

"बाई, इतिहासाची रेकॉर्डिंग्ज तुमच्या कॉम्प्युटरवर असतील ना?"

बाईंनी लिहिलं, "तुम्हीच म्हणालात, जागा अडते, पाठवलं की पुसत जा. पुसलं."

म्हणाले होते. वर 'रोज बॅकअप होतो, निर्धास्त राहा' असंही म्हणाले होते. काकांनी झालं ते सगळं सांगितलं, कंपनीच्या माथी काही मारलं नाही. ऐकताना बाईंचा हात गळ्यावरच्या रुमालाकडे गेला. त्यांनी तोंड उघडलं, काही विचारायचं असावं. नुसती हवा आली. आवाज नाही हे त्या स्वतःच क्षणभर विसरल्या होत्या, आणि ते बघणं काकांना सहन होईना. त्यांनी मान खाली घातली.

पाटी पुसल्याचा आवाज आला. "परीक्षा कधी?"

"पुढच्या महिन्यात."

बाई उठल्या. फळीवरून इतिहासाचं पुस्तक काढून त्यांनी काकांच्या हातात दिलं. पानोपानी पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, श्वास कुठे घ्यायचा त्याच्या.

"मी? बाई, माझा आवाज म्हणजे... घरात मला कुणी आरतीलाही पुढे उभं करत नाही."

बाईंनी काकांचाच मोबाइल मध्ये ठेवला आणि रेकॉर्डिंगकडे बोट दाखवलं. मग पाटीवर लिहिलं, "या वेळी पुसायचं नाही."

काकांनी घसा खाकरून पहिला धडा सुरू केला. दुसऱ्याच ओळीत बाईंनी पेन्सिल टेबलावर आपटली. चुकलं होतं. काकांनी ओळ पुन्हा घेतली. पुन्हा टकटक झाली, या वेळी रेघेपाशी न थांबल्याबद्दल. काकांनी श्वास घेतला.

चौथ्या पानावर टकटक थांबली, म्हणून त्यांनी वाचता वाचता वर पाहिलं. बाईंनी डोळे मिटले होते आणि त्यांचे ओठ हलत होते, काकांच्या एक शब्द पुढे.