मशीनने विचारलं नाही

"वल्ला साब, अल्ला की कसम, मैंने कुछ नहीं मिटाया," आमचे कॉम्प्युटर ऑपरेटर कासमभाई मॅनेजरना तिसऱ्यांदा म्हणाले. मी शेजारीच उभा होतो, तोंडात मिठाची गुळणी धरून.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी थांबलेल्या पेशंटांची तीन वर्षांची यादी शनिवारी सकाळी आमच्या कुवेतच्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवरून नाहीशी झाली. त्या यादीच्या नावाखाली आता फक्त अकरा पेशंट उरले, त्याच आठवड्यातले. कमांड कासमभाईंनी दिली होती. टेपवरची प्रत सहा महिने जुनी. कोणाचा नंबर कोणाच्या आधी, ते शोधायला रहिमा सिस्टर केसपेपरांचे गठ्ठे सोडून बसल्या होत्या.

याद्यांना नाव देण्याची कासमभाईंची एक पद्धत होती. नव्या यादीला आधी साधंच नाव देऊन बघायचं. ते नाव वापरात असलं तर मशीन नकार द्यायचं, मग ते पुढे आकडा जोडायचे. "आपन इचारायचा, तो सांगतो," असं म्हणून हसायचे. आठ वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

त्याच नकाराचा मला वैताग आला होता. नाव द्यायचं-बदलायचं काम आमच्या सगळ्या प्रोग्रॅमसाठी एकच सामायिक रूटीन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, करायचं, आणि ते सांभाळणारा प्रोग्रॅमर मी. मशीन उगाच अडतं, अशी इतर विभागांची रोजची कुरकुर. गुरुवारी निघता निघता मी त्यातल्या चार ओळी बदलल्या. आता नाव आधीच वापरात असलं, तर जुनी यादी न विचारता पुसली जाऊन नवी तिथे बसणार होती. शनिवारी सगळ्यांना सांगू, म्हटलं. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, माझी बायको लता आणि आमची छोकरी पहिल्यांदाच कुवेतला यायच्या होत्या आणि सालमिया भागातल्या आमच्या फ्लॅटला अजून पडदेही नव्हते. शनिवारी मी कामावर तासभर उशिरा पोचलो; तोवर कासमभाईंनी नव्या यादीला जुनंच नाव देऊन बघितलं होतं.

बदल मी केला, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही. नोकरी गेली तर आदल्याच दिवशी आलेल्या बायकोला परत पाठवावं लागेल, या भीतीने माझी वाचा बसली. भ्याडपणालाच मी संसार असं नाव दिलं.

कासमभाईंचं कॉन्ट्रॅक्ट संपवण्यात आलं. रत्नागिरीला परत जायच्या आदल्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. हातात त्यांची जाड वही होती. कुठल्या यादीचं नाव कधी बदललं, कोणी बदललं, सगळं त्यात लिहिलेलं.

"विश्वासभाऊ, ही ठेवा. नव्या मानसाला कामाला येल."

मी शेवटचं पान उघडलं. त्या शनिवारच्या ओळीत, 'कोणी'च्या रकान्यात, 'कासम'. खाली बारीक अक्षरात, 'आज मशीनने विचारले नाही. विश्वासभाऊंना सांगणे.'

"मग सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"सांगनार होतो. पन सायबाच्या खोलीत तुमच्या तोंडाकडं बगला," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पोरगी रमली का हितं?"

मी मान हलवली. ते गेले.

त्या संध्याकाळी मी चारही ओळी पूर्वीसारख्या केल्या. कासमभाईंसारखंच साधं नाव देऊन बघितलं. मशीनने नकार दिला. मग त्यांच्या वहीत पुढच्या ओळीवर तारीख घातली, काय बदललं ते लिहिलं.

आज चार वर्षं झाली. 'कोणी'चा रकाना अजून रिकामा आहे.