उघडा आठ

…परडी जागेवर नव्हती. सफरचंदं तीच होती, कालचीच, त्यातलं एक बुडाशी मऊ पडलेलं. पण परडी टेबलाचा मध्य सोडून खिडकीकडच्या कोपऱ्यात, न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखी अंग चोरून बसली होती, आणि माईने चहाचा कप ओठांपाशी नेता नेता तसाच धरून ठेवला. या घरात वस्तू आपल्या पायांनी चालत नाहीत. कुणीतरी चालवतं. तिची नजर कोपऱ्यावरून मागे मधोमध आली, आणि तिथे, परडी असायची नेमक्या त्या जागी, दुधाळ, पांढुरका, होडीसारखं टोक काढलेला डाग. इस्त्रीचा. दुसरं कशाला असं टोक असतं? तिने वाकून वास घेतला. नाकाने कधी दगा दिला नव्हता, आजही दिला नाही.

"सूनबाई," तिने स्वयंपाकघराकडे हाक मारली, "आज टेबलाने दात घासलेत वाटतं?"

सून ओले हात पुसत दारात आली. आज तिने रजा टाकली होती. कशासाठी, ते आता कळलं.

"आई… काल घाईत होते हो. खाली चादर घातली होती. बिछान्यावर इस्त्री करायची नाही, गादी जळते, असं तुम्हीच म्हणता ना, म्हणून मग…"

"आणि टूथपेस्ट?"

"मोबाइलवर होतं. टूथपेस्टने डाग जातो म्हणून."

"मोबाइलला दात आहेत का कधी?"

बॅग खांद्याला लावत मुलगा मध्ये पडला. बायकोची बाजू घ्यायची पण आईसमोर घेतली असं दिसू द्यायचं नाही, हा बाप-लेकांचा खानदानी आवाज. तो त्याने लावला. "आई, जाऊ दे ना. उद्या सकाळी माणूस येतोय. मशीनने सगळं घासून काढेल आणि वरून नवीन कोट मारेल. काचेसारखं चकचकीत."

"काचच हवी होती तर तुझ्या बापाने काच लावली असती. त्या माणसाला सांग, येऊ नकोस. मी करते."

"तू?"

"का? हात गहाण ठेवलेत?"

संध्याकाळी बघू, डाग गेला नसेल तर तो येईलच, असं म्हणून तो गेला. दार लागलं. माई टेबलापाशी उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून, आणि मी करते हे शब्द अजून खोलीत कुठेतरी कपाटाच्या वर बसून तिच्याकडे बघत होते… कारण तिने कधीच केलेलं नव्हतं. सगळ्या आळीला वाटायचं, मिस्त्रींची बायको, हिला पॉलिशमधलं सगळं येतं. यायचंच. चपडा निवडायचा तिने, ती लाखेची मधाच्या रंगाची पापडी. स्पिरिटमध्ये भिजवायची, गाळायची, कापसाचा बोळा करून त्यावर मऊ धुवट फडकं असं ताणून बांधायचं की एक सुरकुती राहता कामा नये. सगळं तिने. पण हात द्यायचा तो ह्यांनी. पॉलिशच्या एकेका थराला ते हातच म्हणत. पहिला हात, मग दुसरा, मग शेवटचा, ज्यात लाखेचा नुसता वास असतो आणि लाकूड आतून दिवा लावल्यासारखं उजळतं. कारखान्यातल्या शिकाऊ पोरांनासुद्धा त्यांनी हात देऊ दिला. तिला एकदाच. एका पाटावर. तिने बोळा फिरवला, आणि ह्यांनी पाट उजेडात तिरका धरून बघितला, पट्टे उठले होते, जागोजागी थांबल्याचे ओरखडे. मग म्हणाले, तुझा हात जड आहे. झालं. तेवढंच. रागावून नाही, पाऊस पडतोय म्हणावं तसं. आणि ती त्या दिवसापासून जड हाताची झाली, जशी एखादी सावळी असते, एखादी उंच असते. बाळाला न्हाऊ घालताना हात हलका होता बरं का. शिवणात, केस विंचरताना, झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालताना… पण लाकडावर जड. मानलं. ह्यांचं लाकडातलं कुणी खोटं ठरवावं?

हे टेबल ह्यांनी जाण्याआधी केलेलं शेवटचं. बाकी सगळं लोकांच्या घरी गेलं. उद्या ते मशीन गुरगुरत फिरलं की ह्यांचे सगळे हात भुशासारखे पिशवीत जमा होणार आणि पिशवी कचऱ्यात. एवढी साधी गोष्ट. डाग लाकडात गेलेला नाही, वरच्यावर लाखेत धुरकटलाय, हे तिला नखाने चाचपून कळलं. आणि लाख बिघडली तर लाखच सुधारते. तिने सुनेला कोपऱ्यावरच्या दुकानातून स्पिरिट आणायला पिटाळलं आणि माळ्यावरून चपड्याचा डबा काढला.

"मी हात देऊ का, आई?" परत आल्यावर सून म्हणाली.

"हात मीच देणार!" माई खेकसली, आणि मग तिला कळलं की बिचारी मदतीचं म्हणत होती. "बाटली हलव. विरघळेपर्यंत हलवत राहा. पाळणा हलवल्यासारखी नको, भांडल्यासारखी हलव."

दुपारपर्यंत पापडी विरघळली. माईने टूथपेस्टचा अवशेष पुसला, बोळा बांधला, आणि आधी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, काळ्या फरशीवर, नुसत्या पाण्याने हात बसवू लागली. आधी वाटोळं. मग आठ. ह्यांचं वाक्य कानात होतं, आठ काढायचा आणि थांबायचं नाही, बोळा थांबला की चिकटला. तर आठ. तिने काढला, तिरकी रेघ वर, वरून वळण, उजवीकडे बाहेर. आठ. पुन्हा आठ. प्रत्येक आठाच्या शेवटी हात उचलावा लागत होता, फरशीवर पाण्याचे सुटे सुटे पंख उमटत होते, आणि हे असंच त्या पाटावर…

"आई, हे काय काढताय?"

"आठ. दिसत नाही? दुसरीपर्यंत शाळेत गेलेय मी, आठ येतो मला."

"अहो, पण हा नव्हे!" सून हसू दाबत होती, दाबलेलं हसू नाकातून बाहेर आलं. तिने बोट भिजवून फरशीवर फिरवलं, वर एक वेटोळं, खाली एक, मधून ओलांडत, पुन्हा वर, पुन्हा खाली, आणि बोट उचललंच नाही. "इंग्रजी आठ, आई. हा बंद असतो. याला शेवटच नाही. तुमचा मराठी आठ उघडा आहे, तो संपतो ना!"

पाणी फरशीवर सुकत होतं. माई त्या दोन वेटोळ्यांकडे बघत राहिली.

म्हणजे जड नव्हता.

म्हणजे… हात जड नव्हता, आठ चुकला होता! कारखान्यातल्या पोरांना इंग्रजी आकडे यायचे, हत्यारांवर, फुटपट्टीवर, खोक्यांवर तेच असायचे; ह्यांना वाटलंच नाही की जगात दुसराही आठ आहे. आणि मला वाटलं नाही की माझ्या आठाखेरीज आणखी एक असेल. दोन शहाणी माणसं एका पाटावर वाकून बसलेली, एक म्हणतोय आठ काढ, दुसरी काढतेय आठ… एवढ्यावरून जन्मभराचा जड हात! विचारायचं तरी होतं हो, काय काढतेस म्हणून. तिला राग आला, चांगला खणखणीत, आणि रागाच्या पोटात हसूही, आणि समोर भांडायला माणूस नाही म्हटल्यावर दोन्ही तसेच बोटांत उतरले.

"बघत काय बसलीस? बाटली आण."

ती टेबलाशी आली. बोळा चिकटू नये म्हणून फडक्याला बोटाने तेलाचा नुसता भास लावला, बोळा गालाला लावून ओल बघितली, ह्यांची सवय, आणि विमान उतरावं तसा हात डागाच्या अलीकडून अलगद आत आणला. वर वेटोळं, खाली वेटोळं. बोळ्यामागे ओलसर श्वासासारखी झाक उमटायची आणि विरायची. होडीचं टोक पुसट झालं. किती सोपं होतं. नाही, सोपं नव्हतं, पण आपलं होतं, अंगातलंच…

"आई, थांबा थांबा!"

हात थांबला नाही. पूर्ण वेटोळं घेऊन, डागावरून पार होऊन, टेबलाच्या कडेवरून हवेत निघाला, तेव्हाच माईने मान वर केली. "मेले काय मी? ओरडलीस कशाला?"

"तुमचा चष्मा… नाकावरून पडत होता."

"चष्मा पडला तर उचलता येतो. हात थांबला तर काय उचलशील?" पण तिने नाक पुढे केलं, आणि सुनेने चष्मा वर सरकवला, जपून, जसं काही तिचीच चूक होती.

मग ती फिरवत राहिली. पांढुरकं जाऊन खालून गर्द, उसाच्या काकवीसारखा रंग वर आला, आणि त्याबरोबर एक विचार, जो सकाळपासून जवळपास घुटमळत होता आणि आता बिनधास्त समोर येऊन बसला. स्पिरिट जुनी लाख विरघळवतं. नवीन हात जुन्यावर बसत नाही, त्यात मिसळतो. म्हणजे ह्यांचा हात वाचवता वाचवता ती तोच पातळ करत होती, आपल्यात कालवत होती, आणि आता या मधल्या भागात ह्यांचं कुठे संपतं आणि हिचं कुठे लागतं, हे स्वतः मिस्त्री येऊन उजेडात धरून बघते तरी सांगू शकले नसते. तिने वाट बघितली. वाईट वाटेल म्हणून. भरून येईल म्हणून. आलं नाही. उलट छातीत काहीतरी ऐटीत पाय पसरून बसलं.

खिडकीतलं ऊन टेबलावर तिरपं आलं होतं. डाग नव्हता. सून खाली वाकून, एक डोळा मिटून, सगळीकडून बघत होती.

"गेला हो आई! कळतसुद्धा नाही कुठे होता. झालं ना आता?"

माई उत्तर देणार होती. पण तिची नजर पुढे गेली होती, टेबलाच्या त्या टोकाला, जिथे काहीही बिघडलेलं नव्हतं, जिथे पृष्ठभाग अजून सबंध, निखळ, फक्त ह्यांचाच होता. बोळा ओला होता. बाटलीत पुष्कळ उरलं होतं. तिचे हात शिवशिवत होते, आणि हे बरोबर की चूक, ते तिला या क्षणी अजिबात ठरवायचं नव्हतं.

"सरक तिकडे," ती म्हणाली. "उजेड अडवू नकोस."