टँकरबरोबर आलेलं माप

शेजारणीनं आपल्या पोराला ढ म्हटलं तर आपण पदर खोचून भांडायला उठतो. तेच एखाद्या शिकलेल्या माणसानं कागदावर आकडा लिहून सांगितलं, तर आपण मुकाट घरी येतो आणि पोराकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागतो. खरं की नाही? विरूपाक्ष बिरादारच्या लातूरच्या घरी त्या सकाळी केवळाबाई आल्या, त्या अशाच एका आकड्याचं गाऱ्हाणं घेऊन.

उस्मानाबादेपासून वेगळं होऊन लातूर जिल्हा झालं, त्याला फार दिवस झाले नव्हते. कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत, पाट्यांचा रंग अजून ओला, आणि ज्याला त्याला नव्या जिल्ह्यात पहिलं काहीतरी करून दाखवायची घाई. विरूपाक्षही त्यातलाच. तो अध्यापक महाविद्यालयात शिकवायचा. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. पीएच.डी.साठी त्यानं विषय घेतला खेड्यातल्या मुलांच्या बुद्धिमत्तेचा. पुण्याहून प्रमाणित चाचणी मागवली, खिशात स्टॉपवॉच टाकलं आणि देवणीकडच्या खेड्यांत फिरायला लागला. शिक्षण खात्याच्या साहेबांना ही गोष्ट इतकी पसंत पडली की नव्या निवासी शाळेत कुणाला घ्यायचं, ते ह्याच आकड्यांवरून ठरवू म्हणाले. नव्या जिल्ह्यात सगळं येत होतं, फक्त पाऊस आला नव्हता.

केवळाबाई सावरवाडीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. बाई बोलायला रोखठोक. विरूपाक्षच्या आईनं, गंगम्मानं, पुढं केलेला चहा त्यांनी बाजूला ठेवला.

"सर, सिंधूला तिच्या बापानं शाळेतून काढली. सटवाजी तिला रोजगार हमीच्या कामावर घेऊन जातो खडी फोडायला."

"का बरं?"

"तुमच्या यादीत ती तळाला आली म्हणून. सटवाजी म्हणाला, पोरगी ढ हाय, सायबानं घड्याळ लावून मापली, आता उगं कशाला शिकवायची."

विरूपाक्षला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पहिल्यांदा त्याला चाचणीचीच काळजी वाटली. तो म्हणाला, "बाई, दुष्काळात असं होणारच. पण आकडा तर बदलता येत नाही ना? मुलीचं लक्ष लागत नव्हतं. गणित अर्धं सोडून खिडकीकडं बघत बसली होती."

"वर्गात सगळ्यांच्या आधी हिशेब सोडवते ती."

"वर्गातलं पाठांतर वेगळं, बुद्धी वेगळी. आणि मी एकदाच नाही मोजलं. महिन्याभरानं पुन्हा येऊन मोजलं. दोन्ही वेळेला आकडा तोच. शास्त्रात ह्यालाच विश्वसनीयता म्हणतात."

केवळाबाई म्हणाल्या, "सर, दोन्ही वेळेला तुम्ही आलात कशात बसून?"

विरूपाक्ष हसला. एस.टी. फाट्यावर सोडायची, तिथून गाव लांब. पाण्याचा टँकर त्याच वाटेनं जायचा. ड्रायव्हर मारोती भला माणूस, तो दोन्ही वेळेला त्याला केबिनमध्ये बसवून घेऊन गेला होता. "टँकरमधून," तो म्हणाला, "का?"

"टँकर गावात आला की काय होतं, ठाऊक आहे तुम्हाला? मारोती सगळं पाणी गावच्या विहिरीत सोडतो. मग काठावर एकच झुंबड उडते. आधी पोहरा टाकील त्याला पाणी, उशिरा येईल त्याला गाळ. गरिबाघरची मोठी माणसं सगळी खडीवर. मग पाणी भरणार कोण? पोरं. टँकरचा हॉर्न वाजला की मी वर्ग सोडते, सर. नेहमीचा रिवाज आहे आमचा. फक्त तुम्ही आलात त्या दिवशी सोडला नाही. जिल्ह्याचा माणूस आलेला, पोरं उठून पळाली तर शाळेची लाज जाईल म्हणून मी दार लावून घेतलं. ती चूक माझी."

विरूपाक्षला ते चित्र एकदम आठवलं. दार लागलेलं, बाहेर बादल्यांचा खडखडाट, बायका-पोरांचा ओरडा, आणि आत हातात घड्याळ धरून तो सांगतोय, चला, वेळ सुरू.

तरी तो लगेच कबूल झाला नाही. शिकलेला माणूस इतक्या सहजी हरत नाही. "पण बाई, पाटलांच्या नातवाला उत्तम गुण पडले. तोही त्याच खोलीत होता. आवाज त्यालाही ऐकू येत होता."

"त्याच्या घरी बोअर आहे," केवळाबाई म्हणाल्या.

भिंतीला टेकून ऐकत बसलेली गंगम्मा हळूच म्हणाली, "म्हंजे इरूपा, तू अक्कल मापायला गेलास आणि कुनाच्या घरी पानी हाय ते मापून आलास."

"दोनदा मोजलं, दोन्ही वेळेला तेच आलं, असं म्हणता," केवळाबाईंनी शेवटचं विचारलं. "तीच चूक दोनदा केली म्हणून ती खरी होते का, सर?"

बाई पुढच्या गाडीनं गेल्या. विरूपाक्षला मात्र काही दिवस चैन पडेना. वर्गात शिकवताना खडू हातात तसाच राहायचा. ताट पुढं आलं की तो नुसता भात चिवडत बसायचा. पुस्तकात हे सगळं होतं की! मोजमापातली चूक दोन तऱ्हेची असते, एक कधी इकडं कधी तिकडं जाणारी आणि दुसरी दरवेळी एकाच बाजूला ओढणारी, आणि ही दुसरी पुन्हापुन्हा मोजून सापडत नाही, हे तो स्वतः पोरांना शिकवायचा. परीक्षेत त्यावर प्रश्नही काढायचा. आणि स्वतः दोन्ही वेळेला त्या चुकीच्याच केबिनमध्ये ऐसपैस बसून गावात गेला होता.

आता करायचं काय? यादी साहेबांच्या टेबलावर. प्रबंध टंकलेखकाकडं. चूक झाली म्हणावं तर सगळी खेडी पुन्हा पालथी घालायची, वर्ष-दोन वर्षं पाण्यात, शिवाय महाविद्यालयात हसं. गप्प राहावं तर कुणाला कळणारही नाही. केवळाबाई फार तर दोन-चार ठिकाणी बोलतील, दुष्काळात कोण ऐकतंय? हा विचार मनात आला आणि त्याची त्याला किळस आली. तो उठला आणि तडक कचेरीत गेला.

साहेब भडकले. "बिरादार, नव्या जिल्ह्याचं पहिलं काम आहे हे. आता चूक म्हणता?"

"हो, साहेब. मुलं बुद्धीनं कमी नव्हती. मीच चुकीच्या वेळी मोजलं. चाचणीचा दुसरा संच आहे, प्रश्न वेगळे, कठीणपणा तेवढाच. निवासी शाळेच्या यादीपुरती तरी, टँकर नसेल त्या दिवशी पुन्हा घेऊ द्या. तोवर ही यादी वापरू नका. माझ्या नावानं लिहून घ्या पाहिजे तर."

साहेबांनी बराच वेळ फाईल उलटसुलट केली. शेवटी म्हणाले, "पंधरा दिवस. आणि ह्या खेपेला बोंब झाली तर तुमच्या गळ्यात."

टँकर येणार नाही त्या दिवशी विरूपाक्ष फाट्यावर उतरला आणि ऊन डोक्यावर घेत चालत निघाला. वाटेतच खडीचं काम लागलं. दगडांच्या ढिगाशी सटवाजी बसला होता, आणि पलीकडं, हाताला चिंध्या गुंडाळून, सिंधू. ह्याला बघताच ती बापाच्या मागं सरकली.

"सटवाजी, मी पोरीला पुन्हा शाळेत घेऊन जायला आलोय. परीक्षा परत घ्यायचीय."

"कशापायी, सायेब? एकदा मापली की तुमी. दोनदा मापली. आता इथं खडी फोडती, चार पैसे येतेत."

"ते माप चुकलं होतं."

सटवाजीनं हातोडा खाली ठेवला. "चुकलं म्हंजे? पोरगी चुकली का माप चुकलं?"

"माप. मी चुकलो. टँकर आला तेव्हा तिला दार लावून बसवलं. तिचा जीव पाण्यात अडकलेला, आणि मी म्हणालो तिला अक्कल नाही."

सटवाजी म्हणाला, "परीक्षा घेतल्याबिगरच सांगता? परत कमीच भरली तर?"

"कमी भरली तर भरली. पण आधीचं खोटं होतं, ते आजच सांगायला पाहिजे. त्यासाठी नवा आकडा कशाला?"

आजूबाजूच्या माणसांचे हातोडे थांबले होते. सटवाजीनं मागं हात घालून पोरीला पुढं ओढली.

"सायेब, मला सांगू नगा. हिला सांगा. तवापून ही कुनाशी धड बोलंना. पाटी घेत न्हाई हातात. आईला म्हंती, मी ढ हाय."

विरूपाक्षनं आजवर शेकडो मुलांना सूचना दिल्या होत्या, त्याही शब्द न् शब्द छापल्याप्रमाणं. इथं छापलेलं काही कामाचं नव्हतं. तो त्या तापलेल्या खडीत तिच्यासमोर खाली बसला.

"सिंधू, तू ढ नाहीस. मी सांगितलं ते चुकीचं होतं. चूक माझी होती, तुझी नव्हती."

पोरीनं विचारलं, "मग त्या दिशी आमचं पानी गेलं, ते?"

विरूपाक्षचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवले नाहीत. सटवाजीनं पोरीच्या हातावरच्या चिंध्या सोडल्या आणि म्हणाला, "जा, बाई वाट बघत असतील."

त्या दिवशी शाळेचं दार सताड उघडं होतं. सिंधू यादीत पहिली आली नाही, कुठंतरी मधे आली. निवासी शाळेत जागा मिळण्यापुरते गुण तिला पडले. तिच्यासारखी आणखीही काही मुलं तळातून वर आली. पाटलांच्या नातवाला पहिल्याइतकेच गुण पडले, कारण पोरगा खरोखर हुशार होता. विरूपाक्षचा प्रबंध लांबला, महाविद्यालयात काही दिवस त्याला टँकर सर म्हणत, आणि त्यानं ते नाव मुकाट ऐकून घेतलं. पुढं प्रत्येक परीक्षेआधी तो मुलांना एकच विचारायचा, आज घरी कुणाचं काही काम अडलंय का? असेल त्याला आधी सोडायचा, परीक्षा मागून.

आपणही पोरांना मोजतच असतो, बाबांनो. शाळेत मार्कांनी, घरात शेजाऱ्याच्या पोराशी तुलना करून. मोजायला हरकत नाही. पण आकडा तोंडातून काढण्याआधी एवढं बघा की आपण दार लावून घेतलंय का, आणि बाहेर त्या लेकराचं पाणी चाललंय का. आणि चुकलंच, तर त्याच्या बापाला सांगून भागत नाही. लेकरासमोर खाली बसून, त्यालाच सांगावं लागतं.