शेवटच्या माणसाचं जॅकेट

“अम्म वस्फी, जॅकेट काढा. आजपासून रांगेच्या शेवटी तुम्ही नको,” सायकल ग्रुपचा कॅप्टन तामेर म्हणाला. तेही सगळ्या सायकलवाल्यांच्या देखत, तोंडातला पावाचा घास चघळत. वस्फीला सगळेच अम्म, म्हणजे काका, म्हणत.

शेजारी नर्मीन उभी होती, हात गळ्यातल्या झोळीत. गेल्या शुक्रवारी शुब्रा भागातल्या रस्त्यावर झाकण चोरीला गेलेल्या मॅनहोलमध्ये तिच्या सायकलचं चाक गेलं आणि खांद्याचं हाड मोडलं.

“मागून मायक्रोबस आली, तुम्ही ओरडला नाहीत. पोरगी दचकली,” तामेर म्हणाला.

“घसा फुटेस्तोवर ओरडलो! खड्ड्याची खूणच पुढून आली नाही. तुझ्या एका हातात हँडल, दुसऱ्यात मोबाइल. स्वतःचा व्हिडिओ काढत होतास. खड्डा दाखवायला तिसरा हात कुठून आणणार?”

चोर तो चोर, वर शिरजोर! टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं वस्फीने साहेबांच्या चुका मुकाट्याने अंगावर घेतल्या होत्या. निवृत्तीनंतर त्याच्याकडे अभिमानाचं असं एवढंच उरलं होतं, ते नारिंगी जॅकेट. सात वर्षं तो रांगेत शेवटी होता, मागून गाडी आली की ओरडायला. पुढच्याने खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा, मागच्याने तीच खूण आणखी मागे द्यायची. वस्फीच्या मागे कुणी नसे, तरी तो हात दाखवायचाच. “कुणाला दाखवता, भुताला?” म्हणून सगळे खिदळायचे.

“नर्मीन, तू याच्या पाठोपाठच होतीस. सांग ना, बाळ.”

“मला... नीट आठवत नाही, अम्म.”

बाकीचे आपापल्या चाकांतली हवा दाबून पाहू लागले. वस्फीला सगळ्यांची किळस आली.

“जॅकेट द्या. ग्रुपचं आहे ते.”

“पुढच्या शुक्रवारी मिळेल. खाऊन टाकत नाही मी!”

पुढच्या शुक्रवारी सकाळी वस्फी त्या रस्त्यावरच्या कहवाखान्यात चहा घेऊन बसला. मॅनहोल अजून आ वासूनच होतं. त्याने मालकाकडून एक मोडकी खुर्ची मागून आणली, भोकात उलटी खुपसली आणि वर आलेल्या पायांना जॅकेट घालून सगळी बटणं लावली.

रांग आली. तामेरने करकचून ब्रेक दाबला.

“म्हातारा माजलाय!” त्याने जॅकेटला हात घातला.

“ए, हात काढ!” कहवाखान्याचा मालक अब्बास दारातून गरजला. “ते काढलंस तर त्या जागी तुलाच उभा करीन!”

“घे की, कॅप्टन,” वस्फी बसल्या जागेवरून म्हणाला. “तुझंच आहे.”

तामेरने हात मागे घेतला. शिवी हासडून तो सायकलवर बसला, आणि निघताना त्याचा हात खाली गेला, खड्ड्याकडे. मागच्याचा गेला. त्याच्या मागच्याचा. एकेक करून खूण शेवटच्यापर्यंत आली. शेवटच्या पोरीने मागे पाहिलं, कुणी नव्हतं. तिने हात केलाच नाही.

कहवाखान्यात वस्फीचा उजवा हात त्याच्या खुर्चीशेजारी खाली गेला होता, बोट जमिनीकडे. चहा निवला, तरी त्याने तो वर घेतला नाही.