नाकात जाणारा सोडा

अमरावतीच्या कोर्टात कमलाकांत वकिलांबद्दल असं म्हटलं जाई, की ते कधी हरत नाहीत, कारण हरणारं काम ते घेतच नाहीत. अठ्ठावन्न सालच्या वैशाखात मात्र एक काम आपल्या पायांनी त्यांच्याकडे चालत आलं आणि ते नाकारायची सोय नव्हती. त्यांची एकुलती एक मुलगी, सिंधू, पहिल्या बाळंतपणासाठी अकोल्याहून माहेरी आली होती. आणि माहेरात आई नव्हती.

सरोजिनीबाईंना जाऊन दोन वर्षं होत आली होती. सिंधूच्या सासूबाई, इंदूबाई, यांनी तेवढ्यावर बोट ठेवलं होतं. "ज्या घरात आई नाही तिथं बाळंतपण कोण करीन? वकील?" असं त्यांनी सरळ विचारलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, सुईण ठरलेली आहे, ज्येष्ठात मावशी यायची आहे, असे सगळे दाखले देऊन कमलाकांतरावांनी निकाल आपल्या बाजूने लावून घेतला होता. पण अट होती. जावई रविकांतराव रविवारी येऊन पाहून जातील. पोरगी सुकलेली दिसली, तर त्याच पावली तिला अकोल्याला घेऊन जातील.

आणि पोरगी सुकत होती.

ताटावर बसायची, दोन घास चिवडायची, पाणी पिऊन उठायची. "काही नाही बाबा, दिवसच असे आहेत," म्हणायची.

"अकोल्याला तर तू दोन-दोन भाकऱ्या खात होतीस म्हणे."

"तिथं भूक लागायची."

यावर उलटतपासणी न करता वकिलांनी ताट उचललं. स्वयंपाक ते स्वतः करत. पत्नी गेल्यावर ते वरण शिकले, भात शिकले आणि तिथे त्यांचं शिक्षण पूर्ण झालं. त्यांना स्वतःला त्याची चव चांगली की वाईट हे सांगता येत नसे. सरोजिनी गेली आणि तोंडाची चव तिच्याबरोबर गेली, असं त्यांनी गृहीत धरून टाकलं होतं. विधुराला ते शोभतही होतं. कढी तर त्यांनी सोडूनच दिली होती; ती जिभेवर चढायची. डॉक्टर म्हणाले, पित्त. कमलाकांतराव मनात म्हणाले, पित्त कसलं डोंबलाचं, दुःख आहे.

शेवटी एका संध्याकाळी ते मुलीसमोर पाटावर बसले. "सिंधू, तुला डोहाळे काय लागलेत? मला सांग."

"ते काय बापाला सांगायचे असतात?"

"तुझ्या आईचं वकीलपत्र माझ्याकडे आहे."

सिंधू थोडं हसली, मग पदराशी चाळा करत म्हणाली, "फालशाचा सोडा. आई करायची ना, तसा. नाकात जाणारा."

कमलाकांतरावांनी तो सोडा वीस-पंचवीस उन्हाळे प्यायला होता. कोर्टातून आले, कोट खुंटीला लावला, की जांभळ्या रंगाचा, चुरचुरणारा पेला समोर येई. तो कसा होतो हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पक्षकार फीचे पैसे कुठून आणतो हे वकील जसं विचारत नाही, तसंच बायको सोडा कुठून आणते हेही त्यांनी विचारलं नव्हतं.

फालशाचं झाड भिंतीपलीकडे होतं, सरकीचे व्यापारी अब्दुल गफ्फार यांच्या अंगणात. त्यांची बायको रहिमाबी आणि सरोजिनीबाई यांचं त्या भिंतीवरून वर्षानुवर्षं दळणवळण होतं. तिकडून फालसे यायचे, इकडून लोणचं जायचं. सरोजिनीबाई गेल्या आणि ते बंद पडलं. भिंतीवरून कसं बोलायचं हे पुरुषांना कुणी शिकवलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कमलाकांतराव खुर्चीवर चढले आणि खाकरले.

"काहो वकीलसाब," रहिमाबी वर न बघताच म्हणाली, "दोन साल झाले, आज दिसून राहिले तुमी. सिंधूसाठी फालसे पायजेत ना? पोरगी माहेरी आली आन मले कोनी सांगत नाई. घ्या, टोपलं भरून घ्या. पन एक गिलास मले द्या लागते. तुमची बाई देत होती."

"देईन ना."

"आन नाकात गेला पायजे. सरबत नोको."

पहिला प्रयोग त्याच दिवशी झाला. वकिलांनी फालसे कुस्करून रस काढला, साखर घातली आणि वाण्याकडचा खायचा सोडा चमचाभर टाकला. पेला उसळला, चटईवर सांडला, तिथून एका दिवाणी दाव्याच्या कागदांपर्यंत गेला. उरला तो निळा झाला. चांगला शाईसारखा निळा. कमलाकांतरावांनी घोट घेतला आणि त्यांना आपण धोब्याची भट्टी प्यायल्यासारखं वाटलं.

"बाबा, याच्यात टाक बुडवून अर्ज लिहिता येईल," सिंधू म्हणाली आणि माहेरी आल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसली. हसता हसता तिला आठवलं, "आई लिंबाचं सत घालायची आधी. आणि सोडा अगदी चिमूटभर, शेवटी. मग श्वास न घेता पिऊन टाकायचं."

"हा साक्षीदार आधी का नाही आला?"

"तुम्ही समन्स कुठं काढलं?"

दुसरा प्रयोग शनिवारी. कोर्टाला अर्धी सुट्टी होती, आणि जावई उद्या यायचे होते. यावेळी कमलाकांतरावांनी काही कसर ठेवायची नाही असं ठरवलं. सकाळीच फालसे साखरेत कुस्करून मुरत ठेवले. घरच्यांसाठी मोठ्या पितळी पातेल्यात, म्हणजे गंजात. रहिमाबीचा वाटा वेगळा, काचेच्या बरणीत.

याला कारण होतं. व्हरांड्यातल्या कोनाड्यात एक काचेची बरणी आणि एक काचेचा पेला असे. बाहेरच्या जातीधर्माचं माणूस आलं, तर त्याचं खाणंपिणं त्यात करायचं. घरातली धातूची भांडी त्याला लावायची नाहीत. हा नियम कमलाकांतरावांच्या आईने घातलेला. आई वारली, देशाला स्वातंत्र्य मिळालं, घटना आली, कमलाकांतरावांनी त्या घटनेवर नगर वाचनालयात व्याख्यानही दिलं. कोनाड्यातला कायदा तेवढा रद्द करायचा राहून गेला.

उन्हं कलल्यावर रहिमाबी व्हरांड्यात येऊन बसली. कमलाकांतरावांनी बरणीतला रस काचेच्या पेल्यात गाळला, माठातलं गार पाणी ओतलं, लिंबाचं सत विरघळवलं आणि देवाला अक्षता वाहाव्यात तशी सोड्याची चिमूट वाहिली. पेला चुरचुरत वर आला. रंग जांभळाच राहिला. रहिमाबीने एका दमात संपवला आणि डोळे पुसले.

"या अल्ला, गेला नाकात! वकीलसाब, हात बाईचाच हाय."

कमलाकांतरावांना एखादं अपील जिंकल्यासारखं झालं. त्यांनी मोठ्या गंजातला रस पितळी पेल्यात घेऊन तसाच सोडा केला आणि सिंधूच्या हातात दिला. तिने घोट घेतला, थांबली, आणि म्हणाली, "छान झालाय." शिकवलेला साक्षीदार ज्या आवाजात "होय" म्हणतो, त्या आवाजात. कमलाकांतरावांनी स्वतः एक पेला घेतला. फेस नाकात गेला. बाकी काही कळलं नाही. पण त्यांना आताशा कळतच काय होतं?

रहिमाबीचं टोपलं परत द्यायला म्हणून ते आत गेले. टोपलं घेऊन दारात आले आणि तिथेच उभे राहिले. सिंधूचा पितळी पेला तसाच भरलेला खाली ठेवलेला होता. रहिमाबीने बरणीतला रस काचेच्या पेल्यात ओतून, सोडा मारून दिला होता आणि सिंधू तो डोळे मिटून, घटाघटा, तळापर्यंत पीत होती. माहेरी आल्यापासून तिने शेवटपर्यंत संपवलेला हा पहिला जिन्नस.

"काय पाहून राहिले?" रहिमाबी म्हणाली. "गिलास बाटला म्हनता का?"

सिंधूने पेला पदराआड केला. "बाबा..."

"तो कसा लागतो?" कमलाकांतरावांनी विचारलं.

"आईच्यासारखा."

"आणि हा?" त्यांनी पितळी पेला उचलला. "सिंधू, शपथेवर सांग."

"पितळेसारखा," ती हळूच म्हणाली. "सगळंच लागतं, बाबा. वरण, ताक, सगळं. मळमळतं मग."

"मग बोलली काहून नाहीस?"

"तुम्ही कोर्टातून दमून येता आणि इतकं मनापासून करता. आणि तुम्ही तर मुकाट्याने जेवत होता. मला वाटलं, माझ्याच तोंडाला झालंय काही."

रहिमाबीने गंजातला थेंब बोटावर घेऊन चाटला आणि अंगणात थुंकली. "थू! कळकलं हे. कल्हई कधी केली होती?"

कमलाकांतराव गंज घेऊन उजेडात गेले. त्यांनी तो तिरपा केला. आत, जिथे चांदीसारखं पांढरं असायला पाहिजे, तिथे नागडं पिवळं पितळ होतं आणि कडेला हिरवट डाग. मग त्यांनी घरातली सगळी भांडी अंगणात मांडली. वरणाचं पातेलं, ताकाचं, दुधाचं. सगळीकडे तेच. कल्हईवाला गल्लीत येत होता. त्याची आरोळी त्यांना इतक्या दिवसांत कितीदा तरी ऐकू आली होती. पण थांब म्हणायचं काम सरोजिनीचं होतं. आरोळी यायची, आणि पुढे निघून जायची.

ज्याला ते दोन वर्षं दुःख समजत होते, त्यात निम्मं पितळ होतं.

रहिमाबी म्हणाली, "आमच्या नासिरले सांगते. सकाळीच येईन तो."

रविवारी उन्हं तापायच्या आत नासिर कल्हईवाल्याने अंगणात खड्डा खणला, भाता लावला. भांडं लाल तापलं, नवसागराचा पांढरा धूर उठला, कथलाची कांडी टेकली आणि कापसाच्या बोळ्याचा एक हात फिरला, की आत चंद्र उगवल्यासारखं होई. "घ्या वकीलसाब, पाहा मुखडा," नासिर म्हणाला. कमलाकांतरावांनी पाहिलं. मुखडा काही फार प्रेक्षणीय नव्हता, पण स्वच्छ दिसला.

तेवढ्या वेळात ते बाजारात जाऊन काचेचे पेले घेऊन आले. कोनाड्यातला जुना पेला आणि बरणी त्यांनी विसळून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. कोनाड्यात वर्तमानपत्रं ठेवली.

बारा वाजता बडनेऱ्याला गाडी बदलून रविकांतराव आले. आईने सांगितल्याप्रमाणे त्यांनी आधी बायकोकडे नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "सामान बांधायचं का?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"आधी जेवून घ्या, जावईबापू," कमलाकांतराव म्हणाले. त्यांनी पळी हातात घेतली.

सिंधूच्या सांगण्यावरून त्यांनी दोन वर्षांत पहिल्यांदा कढी केली होती. सिंधूने भात कालवला. पहिला घास गेला. दुसरा गेला. मग ती मान खाली घालून जेवतच राहिली आणि ताट पुढे सरकवून म्हणाली, "बाबा, अजून कढी."

रविकांतराव घास हातात धरून बघत होते. "अकोल्यालाही इतकी जेवत नव्हतीस," ते म्हणाले. "आईला काय सांगू मी?"

"सांगा, पोरगी कढी-भात मागून राहिली," सिंधू म्हणाली, "आणि श्रावणात बारशाला या म्हणावं."

कमलाकांतराव सर्वांत शेवटी जेवायला बसले. कढीचा भुरका घेतला आणि थांबले. आंबट होती, जिऱ्याची होती, किंचित गोड होती. मीठ थोडं जास्त पडलं होतं, तेही कळलं. जीभ परत आली होती. त्यांना वाटलं होतं, चव आली की बाकीचं थोडं हलकं होईल. पण कढी अगदी कढीसारखी लागत होती, आणि ती सरोजिनीच्या हातची नव्हती, हे आता पहिल्यांदाच स्वच्छ कळत होतं.

सिंधूने जेवणावर सगळ्यांना सोडा केला. रहिमाबीचा पेला भिंतीवरून गेला. रविकांतरावांना ठसका लागला. बापाला तिने कोनाड्यातला तो जुना पेला दिला.

"हा कशाला? नवे आहेत ना."

"आई याच पेल्यातून प्यायची, बाबा. तुम्ही कोर्टात गेल्यावर. रहिमामावशी आणि ती, एकीनंतर एक."

कमलाकांतरावांनी पेला ओठाला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. फेस केव्हाच बसून गेला होता. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

"नाकात गेला," ते म्हणाले.

"जातोच तो," रविकांतराव म्हणाले, आणि आपला पेला बायकोपुढे केला. "थोडा अजून कर. माझी गाडी पाचला आहे."