साडेतीन तास

फरशीवाल्याने हातोडीचा दुसरा घाव घातला तेव्हा घरच्या फोनची काच उडून सर्वेक्षणवालीच्या कागदावर पडली. फोन पहिल्याच घावात मेला होता. पुढचे तीन त्याने स्वतःच्या समाधानासाठी घातले. मग हातोडी स्टुलावर ठेवून तो म्हणाला,

"लिहा मॅडम. आजपासून शून्य तास."

तिने कागदावरची काच झटकली. मुलं फोनवर किती वेळ असतात आणि त्याने त्यांचं काय होतं, याचा अभ्यास चालला होता. या घरातली तिची ही तिसरी फेरी. फोनमध्ये बसवलेलं अ‍ॅप गुपचूप तास मोजायचं, काय लावलं तेही टिपायचं, आणि ज्या घराचा आकडा त्याच घराला सांगायचा नाही, हा पहिला नियम होता. हाताची घडी, तोंडावर बोट. पण मघाशी फरशीवाल्याने गोड आवाजात, "अंदाजे तरी सांगा, बाप आहे मी," म्हटलं आणि तिची जीभ घसरली. साडेतीन तास, ती म्हणाली, तेही रोज संध्याकाळी. तोंडातून गेलेला शब्द आता परत गिळता येणार नव्हता.

"पोरगी साडेतीन तास फोनवर," तो म्हणाला, "आणि तिच्या आईचं लक्ष कुठे असतं, ते विचारा ना हिला."

बायको स्वयंपाकघराच्या दारात ओलं फडकं हातात धरून उभी होती. त्याने तिचा दंड पकडला. हेच हात. दिवसभर लोकांच्या घरी फरशी बसवताना एका कोपऱ्याचा टवका उडू द्यायचे नाहीत.

"तुमचं चालू द्या, मॅडम. मुलीशी एकटीशीच बोलायचं असतं ना?"

त्याने बायकोला आत ढकललं आणि दार ओढून घेतलं. कडी घातली नाही. तशी गरज त्याला कधी पडली नसावी.

आत भांडी कोसळली. मग भिंतीवर काहीतरी मऊ आपटलं, पुन्हा आपटलं.

दहा वर्षांच्या मुलीने तीन वर्षांच्या बहिणीला मांडीत ओढलं आणि तिचे दोन्ही कान तळव्यांनी दाबून धरले. धाकटीच्या गळ्यात हेडफोन तसाच अडकलेला होता आणि त्याच्या वायरची पिन जमिनीवर लोळत होती.

"विचारा प्रश्न," थोरली म्हणाली. "मला ऐकू येतं."

सर्वेक्षणवालीला स्वतःची लाज वाटली. तरी तिच्या तोंडून प्रश्नच निघाला. सहा महिन्यांचं वळण होतं ते.

"संध्याकाळी फोनवर काय बघतेस तू?"

"मी नाही बघत."

"मग रोज लागतं ते हत्तीचं गाणं?"

"ते हिचं. बाबा आले की हिच्या कानाला लावते, आवाज पूर्ण करते. ते झोपले की काढते."

"रोज?"

"रोज मारत नाहीत. पण कधी सुरू होईल ते कळत नाही ना."

"आणि तू काय करतेस तेव्हा?"

"मी आत जाते. मध्ये उभी राहिले की आईला कमी लागतं."

हात वर असल्यामुळे तिच्या लांब बाह्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. पिवळे पडलेले वळ, त्यांवर निळे, आणि मनगटाजवळ एक अजून लाल.

ऑफिसात या घराचा आलेख आला तेव्हा सगळे हसले होते. तेच गाणं, तोच हत्ती, आवाज कायम शंभर. पोरीचं नावच 'हत्तीवाली' पडलं आणि साहेबांनी समासात 'व्यसनाची लक्षणं' असं लिहिलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. सर्वेक्षणवालीही हसली होती, ते आठवून तिला आता स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

आत बाई ओरडली आणि ओरडणं मध्येच बंद झालं.

थोरलीने बहिणीचे कान आणखी घट्ट दाबले.

"आज कशी जाऊ?" तिने विचारलं. "हिचे कान सुटतील."

सर्वेक्षणवालीने पिशवीतून टॅबलेट काढला. तो दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही, हाही नियमच होता. तिने हत्तीचं गाणं शोधलं, जमिनीवरची पिन उचलून खोचली, हेडफोन धाकटीच्या कानांवर चढवला आणि आवाज पूर्ण केला. धाकटी पाय हलवू लागली.

थोरलीचे हात मोकळे झाले. तिने बाह्या खाली ओढल्या आणि ती उठली.

"बस," सर्वेक्षणवाली तिचा खांदा दाबून म्हणाली.

तिने पोलिसांना फोन लावला आणि फॉर्मवरचा पत्ता वाचून दाखवला. हा पत्ता कुणालाही सांगणार नाही, अशी सही तिने याच घरात बसून केली होती. निघालोय, पलीकडून सांगितलं, पंधरा मिनिटं लागतील. आत पुन्हा भिंत वाजली. तिने स्टुलावरची हातोडी उचलून बाहेरच्या जिन्यात नेऊन ठेवली, परत आली आणि स्वयंपाकघराच्या दाराला हात लावला.

"ताई, जरा बाजूला," थोरली मागून हळूच म्हणाली. "उघडलं की पहिला फटका डावीकडून येतो. आणि चष्मा काढून जा."

सर्वेक्षणवालीने चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि दार ढकललं.