चौदा नंबरची शिशी

"मोजू नको. बरोबर आहेत," गंगू म्हणाली. "मोजून देल्ल्या, मोजून खाल्ल्या. तू मले एवढंच सांग, माह्या शिशीत काय आहे?"

देवमनचा हात ट्रेवरच थांबला. ट्रेमध्ये महिन्याच्या उरलेल्या पांढऱ्या गोळ्यांचा ढीग होता आणि शेजारी तिची रिकामी शिशी. शिशीवर नाव नव्हतं, फक्त आकडा. चौदा.

"दवा आहे बाई. दुसरं काय असन?"

"कोनती दवा? धनीबाईची कडू जहर आहे. माही कडू बी नाही, गोड बी नाही. भिताड चाटल्यावानी लागते."

देवमननं दाराकडे पाहिलं. व्हरांड्यात कोणी नव्हतं. सरकारी दवाखान्यात तो ड्रेसर होता. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, काचेच्या सिरिंजा उकळायच्या. घराण्यातला पहिला पगारदार. गेल्या वर्षापासून आणखी एक काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. मोठ्या शहरातल्या मेडिकल कॉलेजातून महिन्यातून एकदा जीप यायची, रोग्यांचं रक्त घेऊन गोळ्या देऊन जायची. जुन्या काविळीवरच्या औषधाचं संशोधन चाललं होतं. कावीळ सगळ्यांनाच ठाऊक असते. डोळे पिवळे होतात, मग पांढरे होतात, आणि माणूस परत कामाला लागतो. पण काहींच्या रक्तात ती घर करून बसते. वर काही दिसत नाही. आत लिव्हर वाळत जातं, आणि एक दिवस पोटात पाणी भरायला लागतं. अशांचं रक्त तपासून आलं की कागदावर 'ऑस्ट्रेलिया' लिहिलेलं असायचं. त्या विषाला डॉक्टर लोकांनी तेव्हा तेच नाव दिलं होतं. बहिणीला, गंगूला, त्यानं ते पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली होती. "काय म्हंतं? आस्ट्रेलिया? म्या कारंजा सोडून पुढं गाव पायलं नाही, अन् माह्या रगतात आख्खा देश घुसला?"

ते हसणं आता कुठं गेलं होतं कोण जाणे. हाडं वर आली होती, पोट तेवढं पुढं आलेलं.

"धनीबाईची गोळी कडू आहे हे तुले कसं माहीत?"

"खाऊन पायली."

"दुसऱ्याच्या शिशीतली?"

"मंग? निंदता निंदता दुपारी पानी प्याले बसलो. तिनं गोळी तोंडात टाकली अन् तोंड असं केलं का जशी काय निंबोळी चावली. म्या म्हनलं, काहून व, माही त काहीच नाही लागत. मंग तिनं माही खाल्ली, म्या तिची खाल्ली." गंगूनं पदरानं तोंड पुसलं. "तिले भूक लागते. दोन-दोन भाकरी खाते. तोंड भरून आलं तिचं. अन् माह्याकडं पाय. मंग आमी दोन्ही शिशा पदरात उलट्या केल्या, कालवल्या, अन् अर्ध्या तिनं भरल्या, अर्ध्या म्या."

"कवा?"

"झाले दोन महिने. नवी शिशी आली का कालवतो."

देवमननं दार लोटून घेतलं.

धनीबाई बंजाऱ्यांच्या तांड्यातली. गंगू बौद्धपुऱ्यातली. दहा वर्षं दोघी एकाच शेतात शेजारच्या ओळी निंदत होत्या आणि दहा वर्षं दुपारी वेगवेगळ्या झाडांखाली जेवत होत्या. गंगूच्या पाण्याला धनीबाई शिवत नव्हती, गंगूही पुढं करत नव्हती. बौद्ध झालं तरी गावाच्या डोळ्यांतलं काही धुतलं जात नाही. आणि त्याच धनीबाईनं गंगूच्या तोंडची गोळी स्वतःच्या तोंडात घातली. जे गावाला जमलं नाही, सरकारला जमलं नाही, ते एका आजारानं दुपारच्या सुट्टीत करून टाकलं. आणि नेमकं तेच संशोधनाला चालणार नव्हतं.

"तुले माहीत होतं?" गंगूनं विचारलं.

देवमननं ट्रे पुढं ओढला आणि गोळ्या मोजायला लागला.

माहीत होतं. जीपमधले डॉक्टर पहिल्याच दिवशी त्याला बाजूला घेऊन म्हणाले होते, "देवमन, अर्ध्या शिश्यांत औषध आहे, अर्ध्यांत नुसती पांढरी भुकटी. कुठल्या नंबरात काय, ते मलाही माहीत नाही. ते पाकिटात बंद करून कॉलेजात ठेवलंय. त्याशिवाय औषधाचा खरा गुण कळत नाही. पण पेशंटला हे सगळं सांगत बसू नकोस. सांगितलंस तर कोणी घेणार नाही." देवमननं मान हलवली होती. कागद इंग्रजीत होता, आठ ओळींचा. वाचून दाखवायचं काम त्याचंच होतं. त्यानं सगळ्यांना एकच वाक्य वाचून दाखवलं: दवा फुकट मिळेल, खाली अंगठा लावा. अंगठा म्हणजे काय? बोटाला शाई लागते, कागद फाईलमध्ये जातो, आणि माणसाला वाटतं आपल्याला विचारलं.

"भावानं बहिणीले चुना चारला," गंगू म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं; चढवला असता तर बरं झालं असतं. "डाक्टरले पाहून नाही देल्ला म्या अंगठा. त्याले मी ओळखतो का? तू उभा होता बाजूले म्हनून देल्ला."

"बाई, कोनत्यात काय आहे ते मलेबी..."

"आता तं माहीत झालं ना? मंग अर्ध्या कडू मले खाऊ दे. सांगजो नको कोनाले."

हे डॉक्टरांच्या कानावर गेलं तर दोघींचीही नावं कटणार, दोघींच्याही शिश्या बंद होणार. गेलं नाही तर गंगूला निदान अर्धं औषध मिळत राहणार. अर्धं म्हणजे शून्यापेक्षा पुष्कळ, असं देवमननं स्वतःला समजावलं. रजिस्टरमध्ये चौदा नंबरपुढं त्यानं लिहिलं: गोळ्या नियमित, शिल्लक बरोबर. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं. त्याचाच त्याला राग आला.

पुढचे चार महिने तो तेच लिहीत राहिला. एकदा डॉक्टर गंगूच्या पोटावर बोटं वाजवत असताना त्यानं मध्येच विचारलं, "साहेब, या आकड्यायचं शेवटी काय होते?"

"पेपर होतो. मग पुढं या आजाराच्या हजारो लोकांना हे औषध द्यायचं की नाही, ते त्यावर ठरतं."

"गुणकारीच असन ना औषध?"

"कोणी सांगावं? भूक लागते, चेहरा भरतो, तो या औषधाचा गुणच आहे. त्यानं लिव्हर सुधारतंच असं नाही. उलट बिघडतही असेल. ते माहीत नाही म्हणूनच हा सगळा खटाटोप."

"मंग येवढं तरी सांगा ना त्यायले, का आमालेच माहीत नाही."

डॉक्टरांनी त्याच्याकडं पाहिलं आणि हात धुवायला गेले. वाईट माणूस नव्हता तो. उन्हात शंभर कोस जीप हाणत यायचा, गंगूच्या पोटातलं पाणी स्वतःच्या हातानं काढायचा, नाकाला रुमाल लावायचा नाही. पण रोग्याला काही विचारायचं असतं, हे त्याला शिकवलेलंच नव्हतं.

फाल्गुनात गंगूला रक्ताची उलटी झाली. जीप यायला अजून नऊ दिवस होते. दवाखान्यात सलाईनची एक बाटली होती, ती देवमननं लावली. ती संपायच्या आत गंगू संपली. शिशीत सात गोळ्या उरल्या होत्या. त्यातल्या किती कडू, किती चुन्याच्या, ते आता चाटून पाहावं लागलं असतं.

जीप आली तेव्हा डॉक्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट झालं. बहीण होती ना तुझी? पेशंट दगावला की पाकीट फोडावं लागतं. पुढच्या खेपेला आणतो."

पुढच्या खेपेच्या आदल्या दिवशी देवमन तांड्यावर गेला. धनीबाई झोपडीसमोर मिरच्या वाळवत होती. चेहरा गोल गरगरीत झाला होता, पण ओढणीच्या आड पोटही वाढत होतं. ते देवमनच्या नजरेतून सुटलं नाही.

"बस देवमनभाऊ."

तो उभाच राहिला. "धनीबाई, उद्या डाक्टर लिवतीन का गंगूबाई बिनदवाईची मेली. ते खोटं आहे. अर्धी दवा तिनं खाल्ली. म्या खरं सांग्तलं त तुही शिशी बंद होईन."

धनीबाई मिरच्या उलटत राहिली. 

"दवा चांगली आहे का वंगाळ आहे रे?"

"कोनालेच माहीत नाही."

"आमच्या दोघींवरून ते पायनार होते?"

"हो. अन् मंग दुसऱ्यायले द्याची का नाही ते ठरवतीन."

"मंग खोटं कायले लिवू देतं?" ती म्हणाली. "गोळ्या कालवायची गोष्ट म्याच काढली होती, तिनं नाही. तिच्या शिशीचं खोटं झालं ते माह्यापाई. सांगून टाक. मी येतो संगं."

"शिशी जाईन तुही."

"आयकलं म्या. भयरी नाही मी."

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातल्या टेबलावर डॉक्टरांनी मोठा तक्ता पसरला. आडव्या ओळी, उभे खाने. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने न दिसलेली तरतरी होती.

"पाकीट फोडलं, देवमन. चौदा नंबरात औषध नव्हतं. आतापर्यंत गेलेल्या सातांपैकी पाच बिनऔषधाचे. काहीतरी हाती लागतंय असं दिसतं."

"साहेब, चौदा नंबर त्यात धरू नोका."

"म्हणजे?"

देवमननं सांगितलं. कडू गोळीपासून सुरू केलं आणि स्वतःच्या सुबक अक्षरातल्या चार महिन्यांच्या खोट्यापर्यंत आला. काही लपवलं नाही. धनीबाई खांबाला टेकून उभी होती. डॉक्टर ऐकत गेले तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"अरे, दीड वर्ष! दीड वर्षाचं काम आहे हे!" ते ओरडले. "तुझ्यावर विश्वास ठेवला होता मी."

"तिनंबी ठेवला होता."

"मला हे वर लिहून कळवावं लागेल. नोकरीवर येईल तुझ्या."

"लिवा."

डॉक्टर खुर्चीत मागं रेलले. मग पट्टी घेऊन त्यांनी तक्त्यावर धनीबाईच्या नऊ नंबरवरून एक रेघ मारली आणि चौदा नंबरवरून एक. लाल रेघा, पट्टी धरून मारलेल्या, सरळ.

"मंग आता गंगूबाई कोन्या खान्यात गेली?" देवमननं विचारलं.

"कुठल्याच नाही. ती यात धरताच येत नाही."

"दवाईवाल्यायत नाही?"

"नाही."

"बिनदवाईवाल्यायत?"

"नाही, देवमन."

"मेली ते त खरं ना, साहेब?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "हो," ते म्हणाले. "ते खरं."

मग त्यांनी धनीबाईची शिशी मागून घेतली. गोळ्या एकदम तोडणं धोक्याचं, म्हणून खऱ्या औषधाच्या थोड्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून दिल्या. आधी रोज, मग एकाआड एक, मग बंद. हे त्यांनी स्वतः, मराठीत, दोनदा समजावून सांगितलं. धनीबाईनं पुडी ओढणीच्या काठात बांधली, आणि दर महिन्याच्या सवयीनं स्टुलावर येऊन बसली. कोपरापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या तिनं एकेक करून वर सारल्या, दंडात घट्ट बसवल्या आणि उघडा हात टेबलावर ठेवला.

"घ्या रगत."

डॉक्टर तक्त्याची गुंडाळी करत होते. "आता नको, बाई. आता त्याचा उपयोग नाही."

तिनं देवमनकडं पाहिलं. देवमननं उकळलेली सिरिंज परत डब्यात ठेवली. तिचा हात तसाच टेबलावर राहिला, आतली बाजू वर करून, शीर टचटचीत दिसत होती. बाहेर जीप चालू झाली. मग धनीबाईनं वरच्या बांगडीला बोट घातलं आणि एक-एक खाली उतरवायला लागली.